दर अपडेटला पांढरा पडदा: ॲप सुरू होताना नेमकं कुठं अडतं

"सर, ते पांढरंच दिसायलंय बघा. काहीच उघडंना गेलंय."

"बाजूच्या दुकानात चालायलंय का, मालक?"

"त्यांचं चालायलंय की! आमचंच कामून बंद पडलं?"

लातूरच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, असा फोन आला की वेळ बहुतेक सकाळी साडेदहा-अकराची असते. काट्यावर सोयाबीनचे कट्टे चढायला लागलेले, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठीसाठी, खोळंबलेला आणि मुनीम कोऱ्या स्क्रीनकडं बघत बसलेला. आडत दुकानांसाठी पट्टी बनवायचं एक छोटं वेब ॲप मी सांभाळतो. वजन टाका, भाव टाका, हमाली-तोलाई वजा करा, पट्टी छापा, एवढंच त्याचं काम. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलंय, बिल्डसाठी, म्हणजे कोडमधून ब्राउझरला द्यायच्या फाइली बनवायला, जे टूल वापरतो त्याचं नाव फ्रेंच आहे आणि उच्चार 'वीट'. मधल्या काळात मला त्याचा खरोखरच वीट आला होता, पण दोष त्याचा नव्हता.

जवळजवळ दोन वर्षं या फोनवर माझं उत्तर ठरलेलं होतं: "कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा." दाबलं की चालायचं. मालक खूश, मी मोकळा. आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तोच फोन. आता कळतं की हे उत्तर देत राहिलो म्हणूनच दुखणं टिकलं. हार्ड रिफ्रेशनं ब्राउझर साठवलेलं सगळं बाजूला ठेवून नव्यानं मागवतो, म्हणजे काय बिघडलं होतं याचा पुरावाच पुसला जातो. तुमच्याकडंही 'रिफ्रेश करून बघा' हा उपाय कायमचा झाला असेल, तर आधी तो बंद करा.

डायरीतला धागा

सोयाबीनच्या हंगामात कंटाळून मी एक काम केलं. कोणत्या तारखेला अपडेट टाकलं आणि पांढऱ्या पडद्याचे फोन किती दिवस आले, हे डायरीत लिहायला लागलो. चार-पाच नोंदींतच विचित्र गोष्ट दिसली. आठवड्याच्या आत दुसरं अपडेट टाकलं तर त्या दुसऱ्याला फोन जवळजवळ येतच नव्हते. चाळीस दिवस काही न टाकता मग अपडेट केलं की चार दिवस फोनची रांग.

कोडमध्ये चूक असती तर ती सगळ्यांना, सारखीच दिसली असती. ही तक्रार दिवस मोजून येत होती, म्हणजे कुठंतरी मुदत होती.

ती मुदत ब्राउझरच्या कॅशेत, म्हणजे त्यानं जपून ठेवलेल्या फाइलींच्या साठ्यात, निघाली. सर्व्हरनं फाइल देताना ती किती काळ जपून ठेवायची हे सांगितलंच नाही, तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. फाइल शेवटची कधी बदलली ते तो बघतो आणि त्या काळाच्या साधारण १० टक्के इतका वेळ तिला ताजी मानतो. एचटीटीपी कॅशिंगच्या २०२२ च्या आरएफसी ९१११ या मानक दस्तऐवजातही हाच १० टक्क्यांचा प्रघात नमूद आहे. माझा वेब सर्व्हर एन्जिनएक्स आपण होऊन शेवटच्या बदलाची तारीख पाठवतो, मुदत पाठवत नाही. त्यामुळं फाइल ४० दिवस जुनी असेल तर ब्राउझर ती ४ दिवस न विचारता वापरतो, ५ दिवस जुनी असेल तर जेमतेम अर्धा दिवस. डायरीतला हिशोब पैन् पै जुळला.

उघडताना काय काय घडतं

पत्ता टाकल्यावर आधी येते ती इंडेक्स.एचटीएमएल. तिच्यात जवळजवळ काहीच नसतं: एक रिकामा डबा, म्हणजे 'रूट' नावाचा डिव्ह, आणि मुख्य जावास्क्रिप्ट फाइलचं नाव. त्या नावात हॅश असतो, कट्ट्यावरच्या नंबरासारखा. आतला माल बदलला की नंबर बदलतो. मुख्य फाइल आली, ब्राउझरनं वाचली, की ती लोकल स्टोरेजमधून, म्हणजे ॲपनं ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदींतून, दुकानाची माहिती काढते, सर्व्हरला लॉगिन विचारते आणि मग रिॲक्ट त्या रिकाम्या डब्यात पान उभं करतं. पट्टीचं पान, खतावणीचं पान, छपाईचं पान हे वेगळे तुकडे. लागेल तेव्हाच मागवायचे, म्हणजे सुरुवात हलकी राहते. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा नंबर.

आता बघा. मी अपडेट टाकतो तेव्हा जुने तुकडे पुसले जातात आणि नव्या नंबराचे येतात. ज्याच्या ब्राउझरनं जुनी इंडेक्स धरून ठेवलीय, तो जुनेच नंबर मागणार. जुना तुकडा त्याच्याच कॅशेत असेल तर काहीच जाणवत नाही, म्हणून बाजूच्या दुकानात चालत असतं. पण इंडेक्सची आणि तुकड्याची मुदत एकाच वेळी संपत नाही. तुकड्याची आधी संपली की तो सर्व्हरकडं मागायला जातो, आणि तिथं तो नसतो.

नसतो, तर मग ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही' असं उत्तर, यायला हवं ना? इथंच मी स्वतः खणलेला खड्डा होता.

दुकानात बसून बघितलेली ओळ

एका फोनला मी म्हणालो, "मालक, कशालाच हात लावू नका, मी आलोच." गाडी काढून मोंढ्यात गेलो. मुनीम बिचारे हात मांडीवर ठेवून बसले होते, जणू कीबोर्डला शॉक लागणार होता.

एक बारकावा इथं लक्षात ठेवा. बिघडलेल्या टॅबमध्ये एफ १२ दाबून, म्हणजे ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडून, रिफ्रेश करू नका. साधा रिफ्रेशसुद्धा इंडेक्स ताजी आहे का हे सर्व्हरला विचारतो, आणि समोरचा बिघाड नाहीसा होतो. (हो, म्हणजे दोन वर्षं कंट्रोल-शिफ्टची बोटंसुद्धा फुकट वाकवली.) बिघडलेल्या टॅबमध्ये त्या खिडकीतला फक्त कन्सोल उघडून लाल ओळी वाचा, क्रोममध्ये आधी आलेले एरर नंतर उघडलं तरी दिसतात. नेटवर्क बघायचं तर नवा कोरा टॅब घ्या, त्यात आधी एफ १२ दाबा, 'डिसेबल कॅशे'ची खूण असेल तर काढा आणि मग बुकमार्कवरून ॲप उघडा.

तसं केल्यावर दिसलं ते असं. पहिली ओळ इंडेक्सची, स्टेटस २०० म्हणजे 'ठीक', आकाराच्या जागी 'डिस्क कॅशे'. दुसरी मुख्य फाइलची, तीही डिस्क कॅशेमधून. तिसरी ओळ पट्टीच्या पानाच्या तुकड्याची. स्टेटस २००, हिरवंगार, काही तक्रार नाही. पण आकार सव्वा केबी, आणि प्रकाराच्या रकान्यात जावास्क्रिप्टऐवजी एचटीएमएल. हा तुकडा एरवी साठ-सत्तर केबीचा असतो. ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स बघितला तर आत चक्क इंडेक्स.एचटीएमएलच.

कारण सोपं होतं. एकपानी ॲपसाठी आपण सगळेच एन्जिनएक्सला सांगून ठेवतो की मागितलेली फाइल सापडली नाही तर इंडेक्स दे. दुकानदारानं थेट पट्टीच्या पत्त्यावर रिफ्रेश मारला तरी पान उघडावं म्हणून. मी तो नियम सरसकट लावला होता. त्यामुळं नसलेला जावास्क्रिप्टचा तुकडा मागितला तरी सर्व्हर 'हा घ्या' म्हणून इंडेक्स द्यायचा, तेही २०० म्हणून. ब्राउझर मॉड्यूल स्क्रिप्टचा, म्हणजे अशा तुकड्यांनी जोडलेल्या स्क्रिप्टचा, प्रकार काटेकोर तपासतो, तो एचटीएमएल चालवायला नकार देतो. साध्या स्क्रिप्ट टॅगनं हीच चूक 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' अशी दिसते. तो कंस म्हणजे एचटीएमएलच्या पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर. कन्सोलला हे दिसलं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, सर्व्हरनं जावास्क्रिप्टच्या नावावर एचटीएमएल पाठवलंय.

आणि एक पान आलं नाही म्हणून सगळा स्क्रीन पांढरा का? कारण रिॲक्ट १६ पासून, म्हणजे २०१७ पासून, पान रंगवताना आलेला एरर कुणी झेलला नाही तर रिॲक्ट सगळं झाडच, म्हणजे पडद्यावर उभं केलेलं सगळंच, खाली उतरवतं. माझं ॲप शेवटचं उघडलेलं पान लक्षात ठेवून तिथंच सुरू होतं, आणि मुनीमजींचं शेवटचं पान नेहमी पट्टीचंच. म्हणून त्यांना ते 'सुरूच होईना' असं वाटायचं.

काय बदललं

सगळ्यात आधी इंडेक्स.एचटीएमएलसाठी कॅशे-कंट्रोल या हेडरमध्ये, म्हणजे सर्व्हर फाइलसोबत पाठवतो त्या सूचनेत, 'नो-कॅशे'. नाव फसवं आहे. त्याचा अर्थ ठेवू नको असा नाही. ठेव, पण वापरण्याआधी दर वेळी विचार, असा आहे. अजिबात ठेवू नये यासाठी 'नो-स्टोअर' वेगळं. फाइल बदलली नसेल तर सर्व्हर नुसतं ३०४ म्हणतो, मजकूर पाठवत नाही, त्यामुळं रेंज कमी असली तरी परवडतं. हॅश असलेल्या तुकड्यांना उलट: एका वर्षाची मुदत, म्हणजे ३१५३६००० सेकंद, आणि सोबत 'इम्म्यूटेबल'. माल बदलला तर नंबर बदलणारच आहे, मग जुन्या नंबराला पुन्हा कशाला विचारायचं?

मग तो सरसकट नियम मोडला. ॲसेट्सच्या फोल्डरमधली फाइल नसेल तर सरळ ४०४, इंडेक्स फक्त पानांच्या पत्त्यांना. एन्जिनएक्समध्ये हे करताना मी एकदा तोंडावर आपटलो. सेटिंगमधल्या आतल्या 'लोकेशन' भागात एक जरी ॲड-हेडर लिहिलं, की वरच्या पातळीवर लिहिलेली सगळी ॲड-हेडर तिथं लागू होत नाहीत. सुरक्षेची हेडर उडाली, ते महिन्यानं कळलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते मला, आणि लोक तीच करत नाहीत: जुने तुकडे लगेच पुसू नका. हेडर कितीही नीट लावा, मोंढ्यातल्या दुकानात टॅब आठ-आठ दिवस बंद होत नाही. इन्व्हर्टर असतो, लाइट गेली तरी मशीन चालूच. त्या टॅबमध्ये जुनं ॲप मेमरीत जिवंत आहे. कॅशेचा इथं संबंधच नाही. दुपारी त्यानं पहिल्यांदा छपाईचं पान उघडलं की जुन्या नंबराचा तुकडा मागणार. तो सर्व्हरवर असला तर पट्टी छापली जाते, नसला तर पांढरा पडदा. 'वीट' बिल्ड करताना आउटपुट फोल्डर रिकामं करतं, ते करू द्या, पण सर्व्हरवर कॉपी करताना आधीचं पुसणारा पर्याय काढून टाका. मी एक महिन्याचे तुकडे ठेवतो, जागा काही एमबी जाते. आणि क्रम पाळा: आधी सगळे तुकडे चढवा, इंडेक्स शेवटी. उलट केलं तर मधल्या अर्ध्या मिनिटात जो ॲप उघडेल त्याला नवी इंडेक्स मिळते आणि तिनं सांगितलेला माल अजून गाडीतच असतो.

एवढं झाल्यावर पहिल्या अपडेटला फोन आलेच. घाबरू नका. ज्यांच्याकडं जुनी इंडेक्स हेडरशिवाय साठली होती, त्यांना नवा नियम माहीतच नाही. त्यांची ती मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. दुसऱ्या अपडेटपासून शांत झालं.

तुकडा आलाच नाही तर पान आपोआप एकदा रिफ्रेश करायचं, हाही उपाय आहे. 'वीट' अशा वेळी 'प्रीलोड-एरर' नावाचा इव्हेंट देतं, तो पकडायचा. पण 'एकदा' म्हणजे एकदाच. सेशन स्टोरेजमध्ये, म्हणजे त्या टॅबपुरत्या साठ्यात, खूण ठेवा आणि खूण असेल तर पुन्हा रिफ्रेश करू नका. मी पहिल्यांदा खूण न ठेवता टाकलं. एका दुकानात फोनच्या हॉटस्पॉटवर ॲप चालायचं. पान स्वतःला रिफ्रेश करत राहिलं आणि दुपारपर्यंत दिवसभराचा डेटा संपला. शिव्या खाल्ल्या, रास्तच होत्या. शिवाय अर्धी भरलेली पट्टी समोर असताना रिफ्रेश नको. तिथं मी एरर बाउंड्रीत, म्हणजे एरर झेलणाऱ्या रिॲक्टच्या घटकात, एक ओळ दाखवतो: 'नवी आवृत्ती आली आहे, पट्टी जतन करून इथे दाबा.'

स्क्रीनवर आकडा दाखवा

फोनवर 'पांढरं दिसायलंय' यातून काहीच कळत नाही, कारण सुरुवातीच्या कोणत्याही पायरीवर अडलं तरी दिसतं पांढरंच. म्हणून मी रिकामा रूट डिव्ह रिकामा ठेवणं बंद केलं. इंडेक्समध्येच त्यात मोठा '१' आणि खाली 'सुरू होत आहे' असं लिहिलं. मुख्य कोड चालू लागला की तो '२' करतो, सर्व्हरला विचारायला जातो तेव्हा '३'. रिॲक्टनं पान उभं केलं की हे सगळं आपोआप निघून जातं, वेगळं पुसावं लागत नाही.

'२' लिहिणारी ओळ मुख्य फाइलच्या सुरुवातीला टाकून भागत नाही. मॉड्यूलमध्ये आधी सगळे इम्पोर्ट चालतात, मग तुमची पहिली ओळ. ती ओळ वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवून सगळ्यात आधी इम्पोर्ट करा. आणि इंडेक्समध्येच जुन्या पद्धतीच्या जावास्क्रिप्टमध्ये, व्हार आणि फंक्शन वापरून, एरर ऐकणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. फाइल लोड न झाल्याचा एरर वर चढत येत नाही, त्यामुळं ऐकताना तिसरा पर्याय 'ट्रू' द्यावा लागतो. तो विसरलात तर नेमका हवा तोच एरर कळणार नाही.

एकवर अडलं तर मुख्य फाइल आली नाही किंवा ब्राउझरला वाचता आली नाही. दुसरं कारण जुन्या अँड्रॉइडवर भेटतं. प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहायची सोय, ऑप्शनल चेनिंग, क्रोमला ८० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून कळते. त्याआधीच्या ब्राउझरला ते एक चिन्ह अडलं की सगळी फाइल बाद; एरर झेलणारं ट्राय-कॅच लावून उपयोग नाही, कारण चालवण्याआधी वाचतानाच गाडी थांबते. दुकानदाराचा स्वतःचा फोन नवा असतो, पण काट्यावर वजन टाकायला दिलेला फोन घरात कुणी वापरत नाही तो. बिल्डचं टार्गेट, म्हणजे चालायलाच हवा तो सगळ्यात जुना ब्राउझर, खाली आणा किंवा जुन्या ब्राउझरसाठी वेगळ्या फाइली बनवणारं लेगसी प्लगइन लावा.

दोनवर अडलं तर बहुतेक लोकल स्टोरेज. माझ्याकडं एकाच दुकानात, एकाच मशीनवर, कायमचं बंद होतं. हार्ड रिफ्रेशनंही हलेना. कुठंतरी कोडमध्ये दुकानाची माहिती येण्याआधीच साठवली गेली होती, आणि लोकल स्टोरेजला 'अनडिफाइन्ड' दिलं की ते त्याच नावाची अक्षरं जपून ठेवतं. पुढच्या वेळी साठवलेला मजकूर उलगडणारं जेसन-पार्स त्या पहिल्या 'यू' वरच कोसळतं. साठवलेलं वाचताना नेहमी ट्राय-कॅच, आणि वाचता आलं नाही तर ती नोंद काढून कोऱ्यानं सुरुवात.

तीनवर अडलं तर सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणं चाललंय. सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या फेचला स्वतःची मुदत नसते. रेंज एका काडीवर असली की विनंती लोंबकळत राहते आणि ॲपही तिच्या मागं लोंबकळतं. आठ सेकंदांची मुदत घाला, मग साठवलेल्या माहितीवर पान उघडा आणि वर 'जोडणी नाही' अशी सूचना दाखवा. फेच ४०४ किंवा ५०० ला एरर मानत नाही, 'ओके' आहे का ते स्वतः बघावं लागतं, हेही सोबत.

आकडाच नाही, नुसतं कोरं असेल तर रिॲक्ट उभं राहिलं आणि मग पडलं. एरर बाउंड्री लावा.

सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागं चालणारी आणि फाइली स्वतःच्या साठ्यातून देणारी स्क्रिप्ट, असेल तर वरचं सगळं एक पायरी मागं सरकतं, कारण इंडेक्स सर्व्हरऐवजी त्याच्या साठ्यातून येते. नवा वर्कर आला तरी जुन्याचे सगळे टॅब बंद होईपर्यंत तो बाहेर थांबतो. रिफ्रेशनं त्याचा नंबर लागत नाही. आणि वर्कर नको झाला म्हणून सर्व्हरवरून त्याची फाइल नुसती पुसलीत तर लोकांच्या मशीनवरचा जुना वर्कर तसाच राज्य करत राहतो. त्याच नावाची नवी फाइल टाका, जी साठा रिकामा करून स्वतःची नोंदणी रद्द करते. मी पट्टीच्या ॲपमधून तो काढूनच टाकला.

मागच्या महिन्यात पुन्हा सकाळी फोन आला, तेच मालक.

"सर, तीनवर अडकलंय बघा."

"आणि बाजूच्या दुकानात?"

"त्यांचं बी तीनवरच."

सगळीकडं तीन, म्हणजे दुकानांत बघण्यासारखं काही नव्हतं. सर्व्हरवर लॉगिन केलं, तर लॉगच्या फाइलींनी डिस्क गच्च भरली होती आणि डेटाबेस लिहायला तयार नव्हता. जुने लॉग उडवले, डेटाबेस पुन्हा चालू केला. मालकांनी फोन ठेवलाच नव्हता. मागं काट्यावरच्या हमालांचा आवाज ऐकू येत होता. "आला, आला," ते म्हणाले, "पट्टीचं पान आलं," आणि मग त्यांनी फोन ठेवला.